फोडणीची टोपी

लिमरिकच्या आमच्या घरात माझ्याकडे एकच पक्कं काम होतं आणि ते मी सात वर्षांची असल्यापासून करत होते. फोडणी पडायच्या आधी टोपी घालायची आणि फोडणीचा ठसका ओसरला की टोपी काढायची. टोपी म्हणजे हॉटेलात अंघोळीसाठी मिळते ती प्लास्टिकची, इलॅस्टिक लावलेली. ती कुणाच्या डोक्यावर नाही, तर स्वयंपाकघराबाहेर छताला लावलेल्या धुराच्या अलार्मवर चढवायची. तिथली घरं थंडीसाठी घट्ट बांधलेली, खिडक्या बारा महिने बंद. आईच्या कढईत मोहरी तडतडून वर लाल मिरची पडली की तो अलार्म असा काही किंचाळायचा, की शेजारची म्हातारी बाई दारात येऊन "एव्हरीथिंग ग्रँड, लव्ह?" असं विचारायची. म्हणून "केतकी, टोपी!" अशी हाक आली की मी हातातलं टाकून स्टूल ओढायचे. आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात असं काहीतरी होतंच. कुणी टोपी घालायचं, कुणी टॉवेल हलवत उभं राहायचं, एका काकांनी तर अलार्मच काढून कपाटात टाकला होता. हळदीकुंकवाला बायका यावर पोट धरून हसायच्या. आम्हा मुलांना तर तो आवाज म्हणजे जेवण तयार होत आल्याची घंटा वाटायची. आज या वयात तो आवाज कुठेही ऐकला की माझ्या हातातलं भांडं खाली पडतं. का, ते सांगायलाच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

बाबा इंजिनीअर. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांचं काम म्हणजे चुका होण्याआधी पकडणं, आणि ते काम ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीची चेकलिस्ट होती. विमानतळाला जाताना चेकलिस्ट, गणपती बसवताना चेकलिस्ट, माझा धाकटा भाऊ ओजस शाळेत जाताना त्याच्या दप्तराचीही चेकलिस्ट. आई सॉफ्टवेअरमध्ये, घरूनच काम करायची, आणि बाबांच्या चेकलिस्टांकडे पाहून म्हणायची, "मनोज, एक यादी याद्यांचीही कर." ती चिडवायची आणि ते खरंच विचारात पडायचे. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच निघायची आणि तीही लिमरिकच्या हेलातली. आई मराठीत रागवायची आणि मी इंग्रजीत उलट उत्तर द्यायचे, अशी आमची भांडणं चालत.

कॅम्पर बाबांना त्यांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने दिला. त्याची मुलं मोठी झाली होती आणि त्याला अंगणातली जागा मोकळी हवी होती. गाडीमागे जोडायची एक चपटी पेटी. हँडल फिरवलं की तिचं छप्पर वर येतं, दोन्ही टोकांचे पलंग पंखांसारखे बाहेर सरकतात आणि मधे कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात. मधल्या भागात दोन बर्नरची गॅसची शेगडी, हात धुवायला इवलंसं बेसिन आणि त्यावर एक प्रेस. भिंतीतल्या कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात आणि आम्हीही म्हणायचो. बाबा त्या पेटीभोवती असे फिरत होते जसं काही घरी नवी सून आली आहे. "उन्हाळ्यात सगळे जातात," ते म्हणाले, "आपण थंडीत जाऊ. कॅम्पसाइट रिकामी, समुद्र आपला एकट्याचा." आईने विचारलं, "आणि न्यूमोनिया?" त्यावर बाबांनी नवी चेकलिस्ट काढून दाखवली. मुद्दा पहिला, गादीखाली फॉइलची चटई, कारण थंडी खालून येते. मुद्दा चौथा, खिडक्यांना आतून बबल रॅप. मुद्दा अकरावा, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींचा अलार्म, जागेवर आहे आणि हिरवा दिवा लुकलुकतो आहे याची खात्री. टिक करायचं काम माझ्याकडे.

त्याच हिवाळ्यात अकोल्याहून आजी आली होती. बाबांची आई. अकोल्याच्या उन्हात जन्म काढलेली बाई आणि तिला आम्ही जानेवारीत शॅननच्या विमानतळावर उतरवून घेतलं. बाहेर पडताच तोंडावर बसलेल्या वाऱ्याने ती जागीच थांबली, आणि बाबांना म्हणाली, "मन्या, इथं मानसं राह्यतेत?" ती थंडी तिला शेवटपर्यंत पटली नाही. दिवसभर ती रेडिएटरला पाठ लावून बसायची, अंगावर शाल, शालीवर माझा शाळेचा हुडी आणि मांडीवर तिने अकोल्याहून आणलेली जुन्या नऊवारीची गोधडी. तिच्या मते त्या घरात उष्णता होती पण विस्तव नव्हता, आणि विस्तव नाही ते घर कसलं. "चुलीत इस्तो असला म्हंजे घर कसं जागं वाटते," ती म्हणायची. इस्तो म्हणजे निखारे. हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले. फोडणीच्या टोपीचा प्रकार तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती इतकी हसली की कवळी हातात घ्यावी लागली. नंतर तर अलार्म ओरडला की तीच मला हाक मारायची. "केतके, तुही बोंबाबोंब चालू झाली वो! टोपी घाल!"

फेब्रुवारीत शाळेला आठवडाभराची मिडटर्म सुट्टी असते. आम्ही पाच जण क्लेअरच्या किनाऱ्याला निघालो. बारमाही उघडी असलेली ती एकच साइट बाबांना सापडली होती. तिथे पोचलो तर हिरव्यागार माळावर आम्ही आणि कोपऱ्यातल्या मोठ्या मोबाइल होममध्ये कायमचा राहणारा टॉम नावाचा निवृत्त बस ड्रायव्हर, एवढीच वस्ती. त्याने खिडकीतून आम्हाला छप्पर वर चढवताना पाहिलं आणि कुत्र्याला घेऊन मुद्दाम चालत आला. कॅनव्हासची भिंत बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाला, "येर नॉट स्लीपिंग इन दॅट, आर ये?" बाबा अभिमानाने हो म्हणाले. टॉमने आजीकडे पाहिलं, आजीने टॉमकडे, आणि भाषेची गरज न पडता दोघांचं एकमत झालं.

ती थंडी मला सांगता येणार नाही. घरातली थंडी बाहेरून आत येते. कॅनव्हासच्या घरात ती आधीच आत असते, तुम्हीच उपरे. विजेचा हीटर होता, पण साइटची वीज इतकी नाजूक की हीटर चालू असताना किटली लावली की फट्कन सगळं बंद. मग बाबा टॉर्च घेऊन खांबापर्यंत. सकाळी उठलो तेव्हा आमच्याच श्वासाचं पाणी कापडावर जमून थेंब थेंब तोंडावर पडत होतं. माझे बूट आतून ओले, ओजसची पँट ओली, आईचे केस ओले. आजी उशाशी बसून होती, झोपलीच नव्हती. "चुलीत गेला तुमचा तो समुद्र," ती म्हणाली, आणि मी इतक्या मोठ्याने हसले की आई चमकली. आजीच्या पायांना जमिनीजवळच्या, हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या जाळीतून वारा लागत होता. बाबांनी ती जाळी बबल रॅप आणि चिकटपट्टीने बंद केली. मग वरचीही केली. त्या जाळ्या कशासाठी असतात हे त्या साइटवर बाबांइतकं कुणालाच माहीत नसेल. पण त्यांची आई कुडकुडत होती. मी चेकलिस्टवर टिक केलं. अलार्म जागेवर, हिरवा दिवा लुकलुकतो आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याने कुठेतरी तार पडली आणि अख्ख्या साइटची वीज गेली. हीटर बंद. बाबा म्हणाले आता निघूच या, आणि आश्चर्य म्हणजे आजीच नको म्हणाली. ती लिमरिकहून दोन मोठी वांगी घेऊन आली होती आणि बाबांच्या सामानात तिला एक खजिना सापडला होता. उन्हाळ्यात घेऊन तसाच राहिलेला एक डिस्पोजेबल बार्बेक्यू, म्हणजे फॉइलची उथळ परात आणि तिच्यात कोळसे. "अवो, ही त शेगडी हाये," ती म्हणाली. महिनाभरात पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला. बाहेर, दारापुढे ताणलेल्या कापडी छपरीखाली, ती उकिडवी बसली, हुडीची टोपी डोक्यावर, आणि तिने वांगी तेल चोळून निखाऱ्यांवर ठेवली. साल तडकायला लागली तसा तो वास सगळ्या माळावर पसरला. टॉमचं कुत्रं येऊन बसलं, मग टॉमही आला. वीज बघायला तो बाबांना घेऊन वरच्या खांबाकडे गेला. आई ओजसला घेऊन बाथरूमच्या इमारतीत गेली होती. कॅम्परमध्ये मी आणि आजी.

आजीने आत गॅसवर फोडणीचं तेल ठेवलं. हिरवी मिरची, लसूण, जिरं. मी प्लेटा मांडत होते. मिरची तेलात पडली आणि अलार्म किंचाळायला लागला. घरी तो लांब असायचा, इथे तो आमच्या कानाशी होता. आजीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "केतके, टोपी!" टोपी घरी राहिली होती. बाबांच्या चेकलिस्टमध्ये टोपी नव्हती. मी गादीवर चढले, अलार्म खुंटीवरून उपसून काढला, माझ्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि प्रेसमध्ये ढकलून दार लावलं. आतून थोडा वेळ पीं पीं आलं आणि थांबलं. आजीने माझ्या गालाला तेलकट हात लावला आणि म्हणाली, "हुशार माही पोट्टी." जेवण झालं की परत लावायचा, असं मी मनात म्हटलं होतं. म्हटलं होतं, हे खरं आहे.

तसं भरीत मी पुन्हा कधी खाल्लं नाही. धुरकट, तिखट, वर कच्चा कांदा आणि आजीने घरूनच भाजून आणलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या. पाच जण आणि टॉम, मांडीला मांडी लावून. टॉम घाम पुसत म्हणत होता, "जीझस, दॅट'स माइटी," आणि आजी त्याला अजून वाढत होती. त्याचं जेवण होताच तो पाठीला हात लावत आपल्या घरी गेला. पोटं भरल्यावर सगळ्यांना सुस्ती आली. आई ओजसला कुशीत घेऊन पलंगावर आडवी झाली. गॅसचा सिलिंडर संपत आला होता, तो आणायला बाबा गावात निघाले आणि मला म्हणाले, चल, तुला हॉट चॉकलेट घेऊन देतो. ते गाडीत जाऊन बसले. मी बुटांची नाडी बांधत होते तेव्हा आजी बाहेर छपरीखाली परातीकडे बघत उभी होती. निखारे वर राखेने पांढरे झाले होते, पण आत लाल होते.

"इस्तो अजून चांगला हाये," ती म्हणाली. "निरा वाया जाईन. लेकरू आत काकडून राहिलं." तिने आमची सगळ्यात मोठी स्टीलची थाळी घेतली, चिमट्याने फॉइलची परात ओढून तिच्यावर घेतली आणि दोन्ही हातांत ओल्या फडक्याने धरली. हात मोकळे नव्हते म्हणून मी झिपचा दरवाजा धरून उभी राहिले. ती वाकून आत गेली, परात दोन पलंगांच्या मधे जमिनीवर ठेवली. अकोल्याला हिवाळ्यात ती असंच करायची. घमेल्यात विस्तव, भोवती पोरं. फक्त तिथे खोलीला कौलं होती आणि कौलांना फटी होत्या. "बाहेरून झिप लाव वो माय," ती म्हणाली, "हवा येते." मी झिप लावली. खालपर्यंत. बाबांनी हॉर्न वाजवला आणि काच खाली करून विचारलं, "चेकलिस्ट?" मी उभ्या उभ्या सगळ्या चौकोनांत टिक करून टाकलं आणि म्हटलं, "ऑल ग्रँड, बाबा."

गाव पंधरा मिनिटांवर होतं. सिलिंडर मिळाला. हॉट चॉकलेट घेऊन मी गाडीत बसले होते, बाबा सिलिंडर डिकीत बांधत होते. माझ्या पायाखाली त्या बार्बेक्यूचं पुठ्ठ्याचं वेष्टन होतं, चिखलाच्या बुटांसाठी मीच घेतलेलं. कंटाळा आला की मी समोर येईल ते वाचायचे. त्यावर एक चित्र होतं. तंबू आणि त्यावर लाल फुली. घर आणि त्यावर लाल फुली. गाडीमागच्या कॅरव्हॅनसारखं काहीतरी आणि त्यावर लाल फुली. खाली लिहिलं होतं की विझल्यासारखा दिसला तरी आत नेऊ नका, वास न येणारा वायू, मृत्यू येऊ शकतो. मी ते दोनदा वाचलं. बाबा आत येऊन बसले तेव्हा मी ते त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बाबा, डझ धिस मीन द कॅम्पर अ‍ॅज वेल?" त्यांनी विचारलं, "का गं?" मी म्हटलं, "आजी टुक इट इन."

माणसाचा चेहरा असा बदलताना मी पुन्हा कधी पाहिला नाही. रक्त उतरतं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी गाडी चालू केली आणि सीटबेल्ट न लावता निघाले. बाबा, ज्यांनी कधी सीटबेल्टशिवाय गाडी अंगणातून हलवली नव्हती. मी आईला फोन लावत होते. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं आणि पुढे एक ट्रॅक्टर. बाबा हॉर्नवर हात दाबून बसले होते आणि एकीकडे मला, की स्वतःला, सांगत होते, "अलार्म आहे. केतकी, घाबरू नको. अलार्म आहे आपल्याकडे. तो वाजेल. आईला जाग येईल. तू टिक केलंस ना? हिरवा दिवा होता ना?" मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. अलार्म प्रेसमध्ये आहे. तीन शब्द. ते बोलले असते तरी गाडी त्याहून वेगाने जाणार नव्हती, अशी मी पुढे कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली. पण मी ते या हिशेबाने गिळले नव्हते. मला भीती वाटली म्हणून गिळले. "या," मी म्हटलं. "इट वॉज ग्रीन."

झिप उघडल्यावर पहिल्यांदा जाणवली ती ऊब. तीन दिवसांत तिथे कधीच नव्हती अशी गोड, कोरडी ऊब तोंडावर आली. ओजस आईच्या हातावर होता, त्याचे गाल गुलाबी. एक क्षण मला वाटलं, अरे, किती छान झोपलेत हे. मग बाबांनी त्याला उचललं आणि त्याचं डोकं मागे असं पडलं की मी किंचाळले. माझ्या किंचाळण्याने टॉम धावत आला. तो वाकून आत डोकावला आणि ओरडला, "गेट देम आउट! आउट इन द एअर!" आणि खिशातला चाकू काढून त्याने आमच्या कॅनव्हासच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर दिली. दोघांनी आईला त्या चिरेतून ओढलं. आजी परातीजवळ, प्रेसला पाठ टेकून बसली होती, मान छातीवर. तिला टॉमने एकट्याने उचललं. ओल्या गवतावर तिघंही आडवी. मी ओजसचा एक बूट हातात धरून उभी होते. त्याच्या पायातून तो कधी निघाला आणि माझ्या हातात कसा आला, कोण जाणे. मग ओजसने गवतावर उलटी केली आणि भोकाड पसरलं. त्या रडण्याइतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. आईने डोळे उघडले, पण ती कुणालाच ओळखत नव्हती. आजीने उघडले नाहीत.

अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी टॉम मान वाकडी करून म्हणाला, "देअर'स समथिंग गोइंग ऑफ इन देअर." फाटलेल्या कॅम्परमधून, खूप लांबून यावा तसा, पीं पीं असा आवाज येत होता. बाबा आत गेले. प्रेसचं दार उघडलं. त्यातून त्यांनी आजीची गोधडी ओढून काढली, मग माझा टॉवेल आणि मग टॉवेलातून तो पांढरा डबा. दार उघडताच तो सगळ्या माळावर किंचाळत सुटला. बाबा तो हातात घेऊन चिरेत उभे होते. त्यांनी तो बंद केला नाही.

लिमरिकच्या हॉस्पिटलात संध्याकाळपर्यंत तिघांच्या तोंडावर मास्क होते. आई आणि ओजस सावरले. आजीलाही शुद्ध आली, पण तिचा उजवा हात थरथरत होता आणि तो पुढे कायमचा थरथरत राहिला. डॉक्टर गेल्यावर बाबांनी तिच्या पलंगाशी उभं राहून अगदी हळू विचारलं, "अलार्म प्रेसमध्ये कोणी ठेवला?" मी पायथ्याशी होते. तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात आजीने थरथरत्या हाताने मास्क खाली ओढला. "म्याच ठेवला," ती म्हणाली. "लय बोंबलत होता." बाबा म्हणाले, "तुला काढता कसा आला, आई?" ती म्हणाली, "काढला. त्यात काय हाये." आणि मास्क परत लावून डोळे मिटले. मी तोंड मिटलं.

बाबा तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर त्यांनी सगळ्या टोप्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या, आणि आजी गॅसजवळ गेली की उठून तिच्या मागे जाऊन उभे राहायचे. एकदा फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "तिचा दोष नाही. खेड्यातली बाई, तिला काय कळणार." आजी दारातच होती. तिने ऐकलं आणि परत रेडिएटरला पाठ लावून बसली. सातवी शिकलेली, अख्ख्या गल्लीची पत्रं वाचून दाखवणारी माझी आजी. ठरल्यापेक्षा महिनाभर आधी ती परत गेली आणि पुन्हा कधी आली नाही. कॅम्परची ती चीर बाबांनी शिवली नाही. पेटी मिटवून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर शेवाळ चढलं.

मी एकोणीस वर्षांची असताना एकटीच अकोल्याला गेले. तोवर मी मराठी बोलायला शिकले होते. खरं सांगायचं तर याच एका वाक्यासाठी शिकले होते. दुपारची वेळ होती. आजी ओसरीत लसूण सोलत होती, डाव्या हाताने, कारण उजवा ऐकत नव्हता. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आजी, तो अलार्म मी ठेवला होता. तू माझा आळ अंगावर घेतलास. मी गप्प राहिले." आणि रडायला लागले. तिने मला रडू दिलं. मग लसणाची पाकळी वाटीत टाकली.

"मले माहीत हाये न वो," ती म्हणाली. "माह्याच समोर ठेवला तू. पन तुह्यासाठी नाही बोलली मी ते."

तिने दुसरी पाकळी सोलायला घेतली.

"तुम्ही गेल्यावर तो वाजला, केतके. कपाटात. लय वेळ वाजला. मी जागीच होती. मले वाटलं, नेहमीचंच हाये त्याचं, फोडणीचं. लेकरू झोपलं होतं, तुही माय झोपली होती. उठतीन म्हून मीनंच उठून त्याच्यावर गोधडी कोंबली."

प्रेसमधून आधी गोधडी निघाली होती, मग टॉवेल. मी स्वतः पाहिलं होतं. सहा वर्षं ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी फक्त टॉवेलच बघत होते.

"तुह्या बापाले सांगू नको," आजी म्हणाली. "त्याले वाटते, माय अडानी होती, तिले कळलं नाही. वाटू दे. अडानी म्हनलेलं मले चालते. आइकलं होतं अन् तरी झाकलं, हे त्याले कळाले नाही पायजे."

मी बाबांना कधीच सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिते आहे.